कलम अकराचा दगड

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमचं गाव स्वतःवर राज्य करतं. उरलेलं वर्ष ते स्वतःवर कुरकुरतं. सभागृहात लाकडी खुर्च्या मांडल्या जातात, ज्याला त्याला मत, ज्याला त्याला तोंड, आणि ते सगळं लिहून घ्यायला मी. टिल्डन फॉल्सची मी एकतीस वर्षं चिटणीस आहे. दुसऱ्यांचं बोलणं लिहायचं, आपण बोलायचं नाही. या कामात माझा हात बसलाय आणि जीभ गंजलीय.

यंदा विषयपत्रिकेवर कलम अकरा होतं. मीच टाइप केलेलं, म्हणून अजून पाठ आहे: ‘आपल्या गावचे सुपुत्र, शूर मरीन, सार्जंट-मेजर डेलबर्ट हॅझन यांनी पाच युद्धांत देशाच्या स्वातंत्र्यासाठी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्यांच्या नावाची शिळा गावच्या हिरवळीवर उभारावी काय?’

शिळा आधीच येऊन पडली होती. खाणवाल्यांनी भेट दिलेला माणसाएवढा करडा दगड, हिरवळीच्या कडेला ताडपत्रीखाली, वर वीतभर बर्फ. त्यावर कोरायच्या अक्षरांना तेवढी गावाची मान्यता हवी होती.

डेलबर्ट सगळ्यांच्या आधी आला. वय अठ्ठ्याहत्तर, कमरेचं हाड मोडल्यापासून मुक्काम नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात. अंगात चौकड्यांचा लोकरी कोट, त्यावर एकही पदक नाही. नेव्ही क्रॉस, दोन सिल्व्हर स्टार, जखमांबद्दलची चार पदकं. एवढं धातूकाम आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या छातीला लाभलं नाही, आणि हा ते बिस्किटांच्या डब्यात ठेवतो.

“लुसे,” माझ्या टेबलावर काठी टेकवत तो म्हणाला, “मला दोन मिनिटं बोलायचंय. त्या दगडावर माझं नाव नको म्हणून सांगणाराय. वॉरनचं घाला म्हणणाराय.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

वॉरन माझा थोरला भाऊ. डेलबर्टच्याच पलटणीत होता व्हिएतनामला. डेलबर्टला क्रॉस मिळाला तो भाताच्या खाचरातून चौघांना ओढून काढल्याबद्दल, चौथा वॉरन. एकोणसत्तरला वॉरन घरी आला. दोन वर्षं जेवला, पण झोपला नाही. मेपलचा रस उकळायचं आमचं साखरघर आहे, तिथं एकाहत्तरच्या मार्चमध्ये त्यानं स्वतःच्या हातानं सगळं संपवलं. झाडांतून रस ठिबकत होता तेव्हा. लहानपणी बादल्या गोळा करताना तोच म्हणायचा,

रात्री गारठा, दिवसा ऊन,
झाड बोलतं थेंबांतून.

माणसाला तेवढंही जमलं नाही.

हिरवळीवर युद्धात गेलेल्या चौदा जणांची नावं कोरलेली आहेत. मेच्या शेवटच्या सोमवारी माजी सैनिकांचा अध्यक्ष ती मोठ्यानं वाचतो आणि प्रत्येक नावाला अग्निशामक ठाण्याची घंटा एकदा वाजते. रोवेल, ठण्ण. मग एकदम टटल, ठण्ण. इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं त्या दोघांच्या मध्ये स्टोडार्ड, म्हणजे आमचा वॉरन, यायला हवा. पन्नासहून जास्त वर्षं मी त्या जागी श्वास धरून उभी राहते, आणि कुणाला कळतही नाही. आईनं अर्ज केला होता, डेलबर्टनं दोनदा केला. उत्तर एकच: जो तिकडे पडला तो युद्धात गेला, जो घरी येऊन गेला तो नियमात बसत नाही.

“ज्याला वाचवल्याबद्दल मला पदक दिलं, तो वाचलाच नाही,” डेलबर्ट म्हणाला. “मग मी काय वाचवलं, हे विचारायचंय त्यांना.”

मागे कॉफीची किटली घेऊन ट्रॉम्बलीबाई उभ्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, कान हवे तेव्हा तिखट. त्यांनी डेलबर्टचा पेला भरला आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथं मेपलच्या पाकातला घेवडा शिजत होता आणि बावीस ॲपल पाय भट्टीत होते. या बाविसांनी पुढं काय केलं ते येईलच.

सभापती हॉलिस ग्रीनो यांचं पेंडीचं दुकान आहे, आणि हातोडा ते पोत्यावर थाप मारावी तसा मारतात. पहिली दहा कलमं त्यांनी अशीच थापटून संपवली. अकरावं वाचलं, तेव्हा डेलबर्टनं हात वर केला.

“हॉलिस, थोडं बोलू का?”

हॉलिस ओशाळले. “डेल, अरे, तू आता इथला रहिवासी नाहीस ना. नदीपलीकडं म्हणजे दुसरं राज्य. बाहेरच्याला बोलायचं तर सभेचं दोन-तृतीयांश मत लागतं. आणि बाहेरच्यानं दोरीमागच्या बाकावर बसायचं असतं.”

डेलबर्ट उठला, काठी टेकत टेकत दोरीमागं जाऊन बसला. ज्याच्या नावानं सभा भरली होती, त्याला सभेच्या बाहेर बसवून सभा पुढं सरकली.

“पाच देशांत शिरताना कुणी याला परवानगी विचारायला लावली नाही,” स्वयंपाकघराच्या दारातून ट्रॉम्बलीबाई कडाडल्या. “आणि आपल्या गावात तोंड उघडायला दोन-तृतीयांश?”

“बाई, ते देश आपल्या नियमपुस्तकात येत नाहीत,” हॉलिस म्हणाले.

मत घेतलं गेलं. गंमत अशी की विरोधात पहिला हात वर गेला तो बर्नी कटिंगचा. बर्नी म्हणजे माजी सैनिकांचा अध्यक्ष, कलम अकराचा जन्मदाता. स्वतः तीन वर्षं जर्मनीत सैन्याचं टपाल निवडत होता, पण आवाज तोफेचा. दुसरा हात प्राध्यापक फिंच यांचा. ते वीस वर्षांपूर्वी शहरातून आले, शेळ्या पाळतात, दर शनिवारी हिरवळीवर युद्धाविरुद्ध पाटी धरून उभे राहतात आणि गावाच्या हिशेबी अजून नवे आहेत. हे दोघं आजवर कशावरच एकत्र आले नव्हते. बर्नीला भीती, डेलबर्ट युद्धाविरुद्ध बोलला तर. फिंचना भीती, तो बाजूनं बोलला तर. एकशे सतरा माणसं होती, अठ्ठ्याहत्तर हात हवे होते, एकाहत्तर आले. मी लिहिलं: ‘परवानगी नाकारली.’

मग त्याच्या युद्धांवर चर्चा सुरू झाली. तो दोरीमागं ऐकत होता.

“‘स्वातंत्र्यासाठी’ या शब्दाला माझी हरकत आहे,” फिंच उभे राहिले. “ग्रेनाडाचं बघा. त्या बेटावर जायफळ पिकतं. जायफळापासून आपल्या स्वातंत्र्याला नेमका काय धोका होता?”

“तुम्ही तुमच्या शेळ्यांना विचारा!” बर्नी गरजला. “आज इथं उभं राहून बडबडता ते कुणामुळं?”

“जायफळामुळं नक्कीच नाही.”

खसखस पिकली. ‘स्वातंत्र्यासाठी’ गळलं.

मग कुणीतरी म्हणालं, पाच युद्धं म्हणता, पण संसदेनं यातलं एकही रीतसर युद्ध म्हणून जाहीर केलेलं नाही. बैरुतला तर आपले सैनिक शांतता राखायला गेले होते. शांतता राखायला गेलेल्याला युद्धात होता कसं म्हणायचं? एकानं सुचवलं, ‘पाच प्रसंगी’ म्हणा. दुसरा म्हणाला, प्रसंग म्हटलं की बारसं-लग्न वाटतं. पाचांपैकी सँटो डोमिंगोला काय झालं होतं ते कुणालाच आठवेना. जो तिथं होता तो दोरीमागं बसला होता, पण त्याला विचारणं नियमात बसत नव्हतं. ‘पाच युद्धांत’ गळलं. युद्धंच नाहीत तर पराक्रम कुठं गाजवायचा? तोही गळला.

‘शूर’वर एक बाई रडल्या. एकालाच शूर म्हटलं तर माझे वडील भित्रे होते का? गळलं. ‘मरीन’ म्हणजे वेगळंच दल, मग आमचं काय, म्हणत भूदलातून निवृत्त झालेले चौघं एकदम उठले. गळलं. ‘सुपुत्र’ही टिकेना, कारण डेलबर्टची आई अडली तेव्हा तिला नदीपलीकडच्या इस्पितळात नेलं होतं, म्हणजे तो जन्मलाच तिकडं.

दुपारचे साडेबारा झाले. भट्टीतून दालचिनीचा वास आला आणि सभेत चुळबुळ सुरू झाली.

“निदान नाव तरी राहील!” बर्नीचा आवाज आता बसला होता.

“लुसील,” हॉलिस माझ्याकडं वळले, “नावाबद्दल जुना ठराव आहे ना काहीतरी?”

होता. मला वाचावाच लागला: ‘सन १९५८. कोणत्याही जिवंत इसमाचं नाव हिरवळीवर लावू नये, कारण इसम पुढे काय करील याचा भरवसा नाही.’

नावही गेलं. हॉलिसनी चष्मा सारखा केला आणि उरलेलं कलम वाचलं: “‘शिळा गावच्या हिरवळीवर उभारावी काय?’”

तीन तास भांडून आम्ही वीराच्या सन्मानाला एक मुका दगड तेवढा शिल्लक ठेवला होता. मी दोरीमागं पाहिलं. डेलबर्ट दोन्ही हात काठीवर ठेवून मान खाली घालून बसला होता. खांदे हलत होते. रडतोय असं मला वाटलं. हसत होता.

तेवढ्यात ट्रॉम्बलीबाई दोन्ही हातांत एकेक ॲपल पाय घेऊन दारात आल्या. वाफा निघत होत्या.

“माझी एक दुरुस्ती,” त्या म्हणाल्या. “शेवटी एवढंच घाला: ‘शिळेवर काय कोरायचं ते डेलबर्ट हॅझननं लेखी द्यावं, गावानं बदलू नये.’ आणि लवकर घाला. वरचं खुसखुशीत कवच मऊ पडलं की मी जबाबदार नाही.”

“पण बाई, यावर चर्चा...” फिंच अर्धवट उठले.

“करा की. मी हे परत आत नेते.”

“मत घ्या!” मागून वीसेक जण ओरडले. बर्नीनं खूश होऊन जोरात ‘होय’ म्हटलं. आपल्या पदकांची यादी देण्यापलीकडं माणूस दुसरं काय देणार, असं त्याला वाटलं. फिंचही ‘होय’ म्हणाले. डेलबर्ट हसताना त्यांना दिसला होता, तो आपल्याच बाजूचा अशी त्यांची खात्री पटली होती. हातोडा पडला. मी ते वाक्य शब्दन् शब्द लिहिलं, आणि एकतीस वर्षांत प्रथमच माझं अक्षर वाकडं आलं.

डेलबर्टनं जेवायच्या आधी कागद दिला. त्याच्या खिशात तो सकाळपासून घडी घालून तयार होता. मी वाचला, गावाचा शिक्का मारला. जरा जास्तच जोरानं मारला असावा, टेबलावरची कॉफी हिंदकळली.

आठवड्यानं बर्नी कचेरीत आला. डेलबर्टच्या कागदाच्या नकलेवरून नजर फिरवली, मग परत फिरवली.

“लुसील, हे त्याचं नाव नाहीये!”

“त्याचं नाव घालता येत नाही. १९५८चा ठराव.”

“पण हा तर... हा तुझा...”

“हो. आणि हा जिवंत नाही, त्यामुळं पुढे काय करील याची काळजी नको.”

बर्नीनं टोपी काढली, परत घातली. “गावाला बदलता येणार नाही का गं?”

“तू होय म्हणालास, बर्नी. मी लिहिलंय. तुझाच आवाज सगळ्यांत मोठा होता.”

मेच्या शेवटच्या सोमवारी दगड उभा राहिला. बँड होता, छोटे झेंडे होते, फिंच आपली पाटी घेऊन होते. त्यांनी आदल्याच आठवड्याला वर्तमानपत्रात लिहिलं होतं की गावात शांततेचा विजय झाला; त्याच पानावर बर्नीनं लिहिलं होतं की गावात शौर्याचा विजय झाला. डेलबर्ट घडीच्या खुर्चीवर, माझ्या शेजारी. कोटावर पदकं नव्हतीच. ताडपत्री ओढली. करड्या दगडावर ताजी पांढरी अक्षरं:

वॉरन स्टोडार्ड
१९४८–१९७१
हाही युद्धातच गेला.

बर्नीच्या हातात चार पानी भाषण होतं. त्यानं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग चारही घडी करून खिशात टाकली. उरली ती यादी. हिरवळीवर ज्याचं नाव आहे ते वाचायचं, ही आमच्याकडची रीत, आणि रीत मोडणारा माणूस बर्नी नव्हे. तो आद्याक्षरांनी वाचत आला. प्रत्येक नावामागं घंटा. रोवेल, ठण्ण. तिथं तो थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याचा तोफेचा आवाज टपाल निवडणाऱ्या पोराचा झाला.

“स्टोडार्ड. वॉरन.”

मी श्वास धरला होता. घंटा वाजली तेव्हा तो सुटला, एवढ्या मोठ्यानं की पुढच्या रांगेतल्या बायका वळल्या.

“ऐकलंस का, लुसे?” डेलबर्टनं विचारलं.

“हळू बोल,” मी म्हटलं. “तू बाहेरचा आहेस.”

टटल, ठण्ण.