चार नंबरच्या चपला

माप निवडा

एवढंच विचारलं होतं ॲपनं, आणि बाळकृष्णाचं घोडं तिथंच अडलं.

मस्कतच्या अल् खुवैरमधल्या एका आठ मजली इमारतीत, लिफ्टच्या मशीनखोलीत बसून तो डबा खात होता. फोनवर चपलांचा फोटो. मऊ तळ, मागे पट्टा, रंग तपकिरी. खाली आकड्यांची ओळ: तीन, चार, पाच, सहा, सात. शीलाचा यातला कोणता?

लग्नाला सोळा वर्षं झाली होती, त्यातली अकरा मस्कतात गेली. लिफ्टचा दोर किती झिजलाय हे तो नुसतं बोट फिरवून सांगायचा, पण बायकोच्या पायाचा नंबर त्याला ठाऊक नव्हता. विचारावं, तर तिला सुगावा लागणार. तिला अचानक मिळाव्यात, एवढीच तर त्याची हौस होती.

आधी असं नव्हतं

आधी हे घरी पोचवायचं काम अलीमियाँ चाचांचं होतं. मस्कतातच वादी अदाईत त्यांचं किराणा दुकान, गाव संगमेश्वरकडचं. मे महिन्यात ते गावाला निघाले की दहा जणांची बोचकी त्यांच्या बॅगेत. देवरुखच्या अलीकडे बाळकृष्णाच्या घरी जायचे, ओट्यावर बसायचे, बोचकं द्यायचे. आणि परत आले की सांगायचे.

ते सांगणं म्हणजे काय, ते ज्याच्यासाठी आणलंय त्यालाच कळतं. "चहात आलं जास्त होतं. तुझी पोरगी आता दाराच्या कडीला पोचते. बायको हसली दोनदा. एकदा तुझं नाव काढल्यावर, एकदा माझ्या टोपीवर." बाळकृष्ण वर्षभर तेवढ्यावर काढायचा.

"यंदा माझा गुडघा खलास," चाचा म्हणाले. "मोबाइलवरून पाठव की. सगळं जग पाठवतंय."

"चाचा, तो माल खरा असतो का पण?"

"अरे, खाली लोकांनी लिहिलेलं असतं ते वाच. शंभर माणसं खोटं बोलतील का?"

"माझ्या रूमवर चौघंच आहेत, तरी रोज बोलतात."

लोकांनी लिहिलेलं

फोटोसारख्याच आहेत. पाच तारे.
आईला फार आवडल्या. पाच तारे.
आठ दिवसांत पट्टा तुटला. एक तारा.
अजून घातल्या नाहीत पण छान आहेत. पाच तारे.

त्यानं सगळं वाचलं, दोनशे बारा माणसांचं. कोणाच्या पायाला कुठं टोचलं, कोणाच्या सासूला चालल्या, कोणाच्या नाही. घरगुती गप्पा ऐकायला मिळाल्यासारखं वाटून तो वाचतच राहिला.

मग त्याला काटा आठवला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आंब्याखाली शीलाच्या पायात काटा मोडला होता, आणि तो काढायला त्यानं तिचं पाऊल आपल्या हातावर घेतलं होतं. टाच मनगटाच्या खाली दोन बोटं आली होती. अंगठा मधल्या बोटाच्या टोकाशी. शपथेवर सांगेल. त्यानं हत्याराच्या पेटीतून टेप काढली, आपला हात मोजला, वर दोन बोटं धरली. साडेबावीस. तक्त्यात पाहिलं.

चार नंबर.

ओमानचं कार्ड त्या ॲपला चालेना. मग माल हातात पडल्यावर पैसे, असा पर्याय त्यानं दाबला. पत्ता शीलाचा, फोन शीलाचा. झालं, असं त्याला वाटलं.

माल निघाला. माल देवरुखला पोचला. ग्राहकाने नाकारला.

संध्याकाळी फोन लावला तर शीलाच तावातावानं सांगायला लागली.

"अहो, ऐका तर. आज एक पार्सलवाला आला. माझं नाव घेतो, घराची खूण बरोबर सांगतो आणि म्हणतो पैसे द्या. मी म्हटलं, मी काय मागवलंच नाय तर पैसे कसले? गेल्या महिन्यात शेजारच्या रईसाकडे असंच आलेलं. उघडलं तर आत साबणाची वडी. मी असा दम दिला त्याला, की परत आमच्या वाडीत पाऊल टाकायचा नाय!"

बाळकृष्णानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"काय ओ? ऐकताय ना?"

"शीला, ते मी पाठवलेलं."

पलीकडे बराच वेळ कोंबडीचा आवाज.

"तुम्ही?"

"हो."

"म्हणजे भेट तुमची आणि पैसे माझे?"

"मी पाठवणार होतो ना मागनं…"

मग ती हसली. इतकी हसली की फोन पूर्वानं घेतला आणि विचारलं, "बाबा, आईला काय झालं?" त्या हसण्यावर तो दोन दिवस तरंगत होता.

पुन्हा प्रयत्न: पोचला

या वेळी शीलानं पार्सल घेतलं. पार्सलवाल्याला चहाही पाजला, आधीच्या दमाची भरपाई म्हणून.

"बरोब्बर बसल्या," ती व्हिडिओवर म्हणाली. "मापाला मापच. तुम्हाला कसं कळलं ओ?"

"कळतं," बाळकृष्ण म्हणाला. छाती वीतभर फुगली. "दाखव की पायात."

"आता कुठं, पाय मातीचे आहेत."

दुसऱ्या दिवशीही मातीचेच होते. तिसऱ्या दिवशी रेंज नव्हती.

चौथ्या दिवशी पूर्वाचा मेसेज आला: बाबा आईला सांगू नका मी सांगितलं. चपला होत नाहीत. टाच बाहेर राहते. आई म्हणते बाबांना वाईट वाटेल.

त्यानं तो मेसेज तीनदा वाचला. पाच तारे देणारी शीला त्याला दिसली, टाच बाहेर आणि तोंडावर हसू. वाईट वाटलं ते चपलांचं नव्हतं. अकरा वर्षं ज्या पावलाशी तो मनातल्या मनात बोलत होता, ते पाऊल आता कोणाच्या पायाला आहे?

पूर्वाला त्यानं लिहिलं: आई झोपली की दुपारी तिच्या पायाखाली वहीचा कागद धर. पेन्सिलनं दोन्ही पाय काढ. बाजूला पट्टी ठेव. फोटो पाठव.

रविवारी फोटो आला. एकरेघी वहीची दोन पानं. डावं पाऊल: चोवीस. उजवं पाऊल: पंचवीस, आणि पुढून पसरलेलं. करंगळीची रेघ पार पानाबाहेर गेलेली. बाळकृष्णानं दोन्ही चित्रं मोठी केली, लहान केली, फोन फिरवून पाहिली. मग सरळ फोन लावला.

"शीला, तुझा उजवा पाय मोठा कसा गं?"

"कोण म्हणालं?"

"काजूच्या कारखान्यात तू पाकिटं भरतेस ना? बसून?"

तिनं उगाचच पूर्वाला हाक मारली.

"शीला."

"पाकिटांना आता पोरी घेतल्यात," ती म्हणाली. "मी कटिंगला असते. काजू फोडायच्या मशीनवर. पायानं दाबायचं असतं ना ते. उजव्यानं."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"चार! आणि मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही तिथं, मी इथं. सांगून काय करणार होता? रात्रभर जागले असता नुसते." तिचा आवाज खाली आला. "दुखत नाय हो एवढं. घरी आलं की गरम पाण्यात ठेवते. अर्धा तास. तेव्हा बरं वाटतं, आणि तेव्हाच तुमची आठवण येते, खरं सांगू का."

मग ती बोलत गेली. मशीनवर शेजारी कोण असतं, काजूच्या चिकानं बोटं कशी काळी होतात, मुकादम कोणाला चिडवतो, एका बाईनं पायाला गोणपाट कसं गुंडाळलंय. बाळकृष्ण ऐकत राहिला. लिफ्ट बंद पडल्याचे दोन फोन येऊन गेले, त्यानं उचलले नाहीत.

"आणि तुमचे?" तिनं मधेच विचारलं.

"काय माझे?"

"पाय. अकरा वर्षांत मी तरी कुठं बघितलेत नीट? येता तेव्हा सगळं घर भोवती असतं."

"माझे काय, आहेत तसेच."

"दाखवा."

"अगं, ड्यूटीवर आहे मी."

"दाखवा म्हटलं ना."

बाळकृष्णानं व्हिडिओ चालू केला, फोन हत्याराच्या पेटीला टेकवून उभा केला, जमिनीवर बसला, आणि सेफ्टी बुटाची नाडी सोडायला लागला.