रविवारची वाटेकरी

एस्तेर मकासरेला आठवड्यातून एकच सुट्टी मिळायची. सोमवार ते शनिवार ती शरणपूर रोडवरच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरमागे उभी असायची. रविवारी सकाळची उपासना झाली की मात्र घरात कुणी कामाला हात लावायचा नाही, ही तिच्या आईची शिस्त. भाजी शनिवारीच चिरलेली, कपडे शनिवारीच धुतलेले. लहानपणी एस्तेरला हे जाचायचं. नोकरी लागल्यावर आवडायला लागलं, कारण रविवारची दुपार छायाची होती.

छाया मखमलाबादकडच्या फूलशेती करणाऱ्या घरातली. कॉलेजात दोघी एका बाकावर बसायच्या. तेव्हापासून दर रविवारी बाजारात फुलं पोचवून छाया थेट एस्तेरकडे यायची. दोघी जेवायच्या, पंख्याखाली चटई टाकून लोळायच्या, बोलता बोलता झोपून जायच्या. बाकी जगाला त्या दुपारी आत यायला जागा नव्हती.

जूनमध्ये अफरीन आली. नांदगावची, बी.एड. करायला नाशिकला आलेली. छायाच्या घरामागची खोली तिने भाड्याने घेतली.

"रविवारी एकटीच बसते गं खोलीत," असं म्हणत छायाने तिला सोबत आणलं. एस्तेर हसून "ये ना" म्हणाली पण चटई मात्र नेहमीसारखी दोघींपुरतीच टाकली.

मग ते दर रविवारचं झालं. छाया आणि अफरीन एका अंगणात राहायच्या. आठवडाभरात काय काय घडायचं आणि रविवारी त्या दोघी अर्ध्या शब्दावर हसायच्या. "काय झालं?" एस्तेर विचारायची. "काही नाही गं, तू तिथे असायला हवी होतीस." छायाची वेणी आता अफरीन घालायची. छायाच्या बोलण्यात अफरीनसारखं "अरे यार, सुन ना" यायला लागलं. एका रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना एस्तेरने मनात मागितलं, हिला लवकर नांदगावलाच नोकरी लागू दे. मागून झाल्यावर तिला लाज वाटली. पण मागणं काही तिने परत घेतलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी उपासना संपवून ती बाहेर आली तेव्हा छायाचा फोन आला.

"आज यायला जमणार नाही. आई पहाटे ओट्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलंय. दादा नि मी हॉस्पिटलातच आहोत."

"अगं देवा! आणि तुमची फुलं?"

"अफरीन तोडतेय ना सकाळपासून. परवा दसरा, कुणी माणूस मिळेना. पाचला टेम्पो येईल, तोवर जेवढी होतील तेवढी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा रविवार ना गं," छाया थकल्या आवाजात म्हणाली. "तू कुठे काम करतेस आज."

छाया सहज बोलली होती. एस्तेरला मात्र ते दिवसभर पुरण्याइतकं लागलं. अडचणीत छायाला चार महिन्यांची ओळख आठवली आणि आपण आठवलो नाही!

घरी येऊन तिने आईला सांगितलं. आईने उठून डबा भरला. "ठमाबाई पडल्यात म्हटल्यावर बसून कसं राहायचं? जा. तिथे जी कोण असेल तिलाही वाढ."

मोपेडवरून जाताना एस्तेरच्या डोक्यात एकच चित्र होतं. छाया हॉस्पिटलातून येईल, आपल्याला उन्हात वाकलेलं बघेल, आणि तिला कळेल.

शेतात छाया नव्हती. झेंडूच्या सरींमध्ये डोक्याला ओढणी बांधलेली अफरीन एकटी होती. बोटं हिरवी-काळी झालेली, ओठ कोरडे पडलेले.

"अरे, तू?" ती सरळ होत म्हणाली. "छाया तर संध्याकाळी येणार आहे."

"माहीत आहे," एस्तेर खोटं बोलली.

डबा तिने पुढे केला. अफरीन बांधावर बसून दोन्ही पोळ्या भराभर खाऊ लागली, तेव्हा कळलं की सकाळपासून ती नुसत्या चहावर होती. एस्तेर फुलं तोडू लागली. बराच वेळ दोघी लगतच्या सरींमधून पुढे सरकत राहिल्या.

"एक सांगू?" अफरीन मधेच म्हणाली. "मला तुझा फार राग यायचा."

"माझा?"

"छाया रोज तुझंच सांगते. एस्तेर असं म्हणाली, एस्तेरने तसं केलं. रविवार आला की सकाळपासून तिची गडबड. मला वाटायचं, मी फक्त सोमवार ते शनिवारची."

एस्तेरला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला.

साडेतीनच्या सुमारास अफरीन किंचाळली. झुडपातून उडालेली गांधीलमाशी तिच्या मानेला डसली होती. ती मान दाबत खाली बसली. 'आता हिचं कौतुक सुरू होणार,' एस्तेरच्या मनात आलं. ती पुढच्या झाडाकडे वळलीसुद्धा.

"एस्तेर..." मागून आवाज आला. तो अफरीनचा वाटेना, इतका घोगरा होता.

एस्तेरने वळून पाहिलं. अफरीनच्या गळ्यावर, हातांवर लाल गांधी उठल्या होत्या. खालचा ओठ सुजत चालला होता. औषधांच्या दुकानात चार वर्षं उभी राहिलेल्या एस्तेरला ही माशीच्या विषाची जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी आहे हे ताबडतोब कळलं.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता."

"फुलं... टेम्पो येईल... छाया काय म्हणेल?"

"फुलं मरू देत!"

तिने तिला मोपेडवर मागे बसवलं, ओढणीने दोघींच्या कमरा घट्ट बांधल्या आणि निघाली. पाठीवर टेकलेल्या अफरीनचा श्वास शिटीसारखा वाजत होता. "बोलत राहा," एस्तेर पुन्हा पुन्हा ओरडत होती. "काहीही बोल. छायाचं सांग. काय सांगते ती?" वाटेतल्या पहिल्याच दवाखान्यात तिने दारातूनच हाक मारली, काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं.

एस्तेरचा फोन मिळाल्यावर तासाभराने छाया धावत आली. बाकावर बसलेल्या एस्तेरसमोरून ती तशीच आत गेली आणि अफरीनचा हात हातात घेऊन रडायला लागली. दारातून एस्तेर बघत राहिली. आता तरी हे टोचू नये असं तिला फार वाटत होतं. तरीही टोचलं.

थोड्या वेळाने छाया बाहेर येऊन तिच्या शेजारी बसली. "टेम्पोवाल्याचा फोन आला होता. एकोणीस क्रेट घेऊन गेला. अर्धं रान तसंच राहिलं, पण मला वाटलं होतं दहासुद्धा होणार नाहीत. रविवार असून तू एवढं केलंस?"

हो म्हणणं सोपं होतं. अफरीन आत झोपली होती.

"पंधरा तिचे आहेत," एस्तेर म्हणाली. "माझे चारच. आणि तिला माशी डसली तेव्हा मी आधी लक्षच दिलं नाही."

छायाने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

पुढच्या रविवारी ठमाबाई घरी आल्या होत्या, त्यामुळे छायाला निघता येणार नव्हतं. दुपारी दार वाजलं. बाहेर अफरीन एकटीच उभी होती.

"येऊ की नको, कळत नव्हतं," ती म्हणाली.

"ये. जेवण गरम आहे."

जेवून दोघी चटईवर पडल्या. छायाशिवाय काय बोलायचं हे दोघींनाही माहीत नव्हतं. एस्तेरने दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगितल्या, अफरीनने तिच्या कॉलेजच्या. मग अफरीनचा डोळा लागला. तेवढ्यात तिच्या उशाशी ठेवलेला फोन थरथरला. छाया.

एस्तेरने स्वतःचा फोन पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. तिने तो पालथा ठेवला. मग तिने अफरीनच्या दंडाला हात लावला.

"ऊठ गं. छाया आहे, बोल. आणि तिच्या आईचा पाय कसा आहे ते आधी विचार."