मिसेस पेल्कींची चासी

आमच्या व्हरमाँटच्या डोंगरांत गाडी म्हातारी होऊन मरत नाही, खालून कुजून मरते. इंजिन धडधडत असतं, दारं नीट लागत असतात, रेडिओवर गाणी चालू असतात आणि एक दिवस मी ती गॅरेजातल्या लिफ्टवर चढवून चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडी मारली की जमिनीवर तांबड्या पोपड्यांचा सडा पडतो. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ ओतायचं आणि उन्हाळाभर गंजाच्या नावाने बोटं मोडायची, ही आमची तऱ्हा. वर्षाची सरकारी तपासणी करून काचेवर स्टिकर चिकटवायचं काम गावात माझ्याकडे आहे, त्यामुळे शिव्याही मलाच. भोक जणू मीच पाडलं, असे बघतात लोक माझ्याकडे.

अल्थिया पेल्कीच्या गाडीची गोष्ट मात्र वेगळी होती. शाळेत ही बाई आम्हाला जेवण वाढायची. ताटात वाटाणे उरले तर उठू द्यायची नाही, म्हणून पन्नाशी उलटली तरी माझ्या तोंडून ‘मिसेस पेल्की’च येतं. तिचा हिरवा पिकअप शहाऐंशी सालचा. वरून बघाल तर कुणी फुकट नेणार नाही. एक दार निळं, मागची फळी दोरीने बांधलेली. पण खालून बघण्यासारखा. त्या वयाची एवढी धडधाकट चासी आमच्या जिल्ह्यात दुसरी नाही, हे मी पैजेवर सांगतो. ती गाडी लिफ्टवर चढली की मी हातातली कॉफी बाजूला ठेवायचो आणि उगाचच जास्त वेळ बघत राहायचो.

यात जादू काही नव्हती, कष्ट होते. वसंतात रस्त्यांवरचं शेवटचं मीठ पावसाने वाहून गेलं की म्हातारी बागेला पाणी घालायचं फिरतं कारंजं गाडीखाली ठेवून द्यायची आणि पायरीवर विणत बसायची. येणारेजाणारे हसायचे. मग वाकडी केलेली तार घेऊन चासीची पाणी निघून जायची भोकं एकेक करून मोकळी करायची, आतला चिखल, कुजकी पानं उकरून काढायची. शरद आला की यांत्रिक करवतीच्या साखळीचं तेल आणि लोकरीची चरबी चुलीवर कोमट करून एकत्र करायची. घरात मेंढरं शिरल्यासारखा वास सुटायचा. पाठीवर झोपून, लांब नळीने ते चासीच्या आत, बाहेर, सांध्यासांध्यात फवारायची. आणि तेल ओलं असतानाच गाडी काढून नदीकाठच्या मातीच्या रस्त्यावर पिटाळायची. धूळ तेलावर बसते, तेल धुळीला धरून ठेवतं, आणि दोन्ही मिळून लोखंडाला कातडं येतं. आमच्याकडे जुनी माणसं हे सगळीच करायची. आता कुणाला वेळ नाही. सगळ्यांना डब्यातलं काळं डांबर हवं असतं, एकदा फासलं की सुटलो.

त्या डांबराचा मला मनस्वी राग आहे. वरून गाडी नवी दिसते आणि आत कोंडलेला ओलावा चासी खात बसतो.

गेल्या काही वर्षांत या गाडीला आणखी एक काम लागलं होतं. म्हातारीचं घर डोंगराच्या पार माथ्यावर. वर ना बर्फ काढायची गाडी वेळेवर जाते, ना कुणी शेजारी. हिवाळ्यात सरपण, पीठ, मेंढरांचं खाद्य, सगळं त्या पिकअपमधून चढायचं. लेक कार्लीन खाली गावात, बँकेत. तिने खाली राहायला ये म्हणून धोशा लावला तेव्हा म्हातारीने एकदाचं सांगून टाकलं, “माझी गाडी तपासणीत नापास होईल त्या दिवशी येईन. तोवर नाव काढायचं नाही.” म्हणजे मी गाडी पास-नापास करायचो ते म्हातारीच्या घरालाच करायचो. मला कुणी विचारलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी कार्लीन माझ्या गॅरेजमध्ये आली. आम्ही एका वर्गातले.

“रोली, उद्या आईची गाडी आहे ना? नीट बघ.”

“मी दरवर्षी नीटच बघतो.”

“काही सापडलं तर दयामाया दाखवू नकोस, एवढंच म्हणतेय.”

माझं डोकं फिरलं. “तुला आई खाली आणायची असेल तर आईशी बोल. माझ्या हातोडीशी काय बोलतेस?”

“बोलते की. ती म्हणते, मी ठणठणीत आहे. गेल्या हिवाळ्यात पडवीत घसरून पडली, अर्धी सकाळ उठता येईना. मला कुणी सांगितलं? पोस्टमनने. मी विचारलं तर म्हणाली, जरा टेकले होते.” तिचे डोळे भरून आले होते. “तिला खाली आणायची हौस नाहीये रे मला. तिचं काय चाललंय तेच कळत नाही, त्याची भीती वाटते.”



दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी हजर. सोबत लोणच्यातल्या घेवड्याच्या शेंगांची बरणी, ती मला दरवर्षी मिळते, लाच नव्हे असं दरवर्षी बजावून. मी गाडी वर चढवली, कॉफी बाजूला ठेवली, आणि वर बघितलं तर सगळी चासी काळी कुळकुळीत.

“हे काय?”

“वाढदिवस होता माझा. लोकांचे जावई केक आणतात, माझ्या जावयाने डांबर आणलं.”

“आणि तुम्ही लावू दिलंत?”

“मी बहिणीकडे गेले होते रे. परत आले तर ड्वेन गाडीखालून बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत काळा, आणि इतका खूश, की मी म्हटलं, छान झालंय. काय सांगू त्याला? पुसून टाक?”

मी हातोडी मारली. आवाज बद्द आला. या चासीचा आवाज मी ओळखतो, तो असा नसतो. पेचकस घेऊन मी डांबराची कड उचकटली आणि ओढली.

उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखं ते निघून आलं. हातभर पट्टा एका झटक्यात. खाली वर्षानुवर्षांच्या तेलाचं आणि धुळीचं ते कातडं तसंच होतं. तेलकट अंगावर डांबर धरलंच नव्हतं. मी ओढत गेलो, पट्टे पडत गेले, आणि आत लोखंड कारखान्यातून आल्यासारखं. मला हसू फुटलं. एवढ्या वर्षांची त्या बाईची मेहनत ड्वेनच्या डांबराला पुरून उरली होती.

कार्लीन दारात येऊन उभी राहिलेली मला दिसलीही नव्हती.

मागच्या डाव्या चाकाशी मात्र माझा हात थांबला. तिथे चासी कमानीसारखी वर चढते आणि तिच्यापुढे इंधनाची टाकी आडवी येते. तिथलं डांबर सालासारखं निघालं नाही. तिथे ते घट्ट धरून होतं, म्हणजे खाली तेल नव्हतं. मी खरवडलं, पेचकस टेकवला, आणि तो आत गेला. अंगठा जाईल एवढं भोक. बाजूचं लोखंड चांगलं होतं, आजूबाजूला वीतभर सगळं शाबूत. गंज फक्त तेवढ्याच जागी.

नियम साधा आहे. चासीला भोक म्हणजे नापास. या गाडीवर तो चालवायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी पेचकस तसाच धरून उभा राहिलो.

“भोक आहे ना?” म्हातारी म्हणाली. “मग नापास लिही. तोंड काय बघतोस माझं? वाटाणे टाकून मी तुला कधी उठू दिलं नाही, आता तू मला उठू देऊ नकोस.”

मी लिहिलं. कार्लीन जवळ आली. जिंकल्यासारखी दिसत नव्हती ती, उलट रडवेली झाली होती.

“ठरलं ते ठरलं,” म्हातारी तिला म्हणाली. “मेंढरांची सोय लागेपर्यंत थांब, मग येते.” आवाज अगदी सरळ होता. हातमोजे मात्र तिने तीनदा काढले आणि घातले.

“मिसेस पेल्की, नापास म्हणजे भंगार नव्हे,” मी म्हटलं. “मी पत्रा लावून देतो, मग परत तपासू. नियमातच आहे ते.”

“बाकी सगळं इतकं चांगलं आहे,” कार्लीन वर बघत म्हणाली, “मग इथेच कसं झालं? आई, तू तर एक बोट जागा सोडत नाहीस.”

म्हातारीने परत हातमोजे काढले.

“आई?”

“हात पोचत नाही तिथे,” ती म्हणाली. “टाकीच्या मागून, वरून नळी घालावी लागते. माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही आता. बरेच दिवस झाले.”

“मला सांगायचं होतंत,” मी म्हटलं. “मी मारलं असतं दोन मिनिटांत.”

“तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.” हे खरं आहे. “आणि हिला सांगितलं असतं,” ती कार्लीनकडे न बघता म्हणाली, “तर हिने मला त्याच दिवशी खाली आणलं असतं. एका खांद्यासाठी घर सोडायचं? म्हणून नाही सांगितलं.”

कार्लीनने त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाली, “लाव पत्रा.”

“लावेन. पण वेल्डिंगचा डाग दिला की आतलं तेल जळतं. तिथे परत तेल मारायला हवं, आज आणि दरवर्षी. नाहीतर काही उपयोग नाही.”

“कळलं मला. लाव.”

बँकेत फोन करून तिने सांगितलं, आज येत नाही. मी कुजका तुकडा कापला, जाड पत्रा बसवला, डाग दिला, घासून साफ केला. दुपार झाली. तोवर दोघी माझ्या ऑफिसात बसून शेंगा खात होत्या, माझ्या बरणीतल्या. पत्रा निवल्यावर म्हातारीने तिचा तेलाचा डबा आणला. मी नळी जोडून कंप्रेसर सुरू केला आणि नेहमीसारखा पुढे झालो, तर कार्लीनने नळी माझ्या हातातून घेतली. कोट खुंटीला अडकवला, बाह्या वर सरकवल्या आणि लिफ्टखाली जाऊन उभी राहिली.

“कुठून घालायची?”

“टाकीच्या मागून,” म्हातारी म्हणाली. “अजून वर. ती कड लागते हाताला? तिच्या पलीकडे पाणी जायचं भोक आहे. हं. आता हळूहळू मागे ओढत ये.”

तेल कार्लीनच्या कोपरावरून बाहीत उतरत होतं. तिने पुसलं नाही. चासीच्या खालच्या भोकांतून तेल पाझरायला लागेपर्यंत ती फवारत राहिली. मग हात खाली घेतला आणि आईकडे वळली.

“आता खरं सांग. आणखी काय काय होत नाही तुला?”

म्हातारीने जमिनीवर पडलेला एक काळा पट्टा पायाने बाजूला सारला. मी कंप्रेसर बंद केला.

“वरच्या फळीवरचं मोठं पातेलं,” ती म्हणाली. “ते काढता येत नाही. आणि केस. मागून केस बांधता येत नाहीत मला.”

कार्लीनने हात पुसले, आईची टोपी काढली आणि तिथेच, लिफ्टखाली, तिचे केस बांधायला घेतले. मी परत तपासणीचे कागद आणायला आत गेलो आणि मुद्दाम उशीर लावला.