शंका न आलेली ओळ

“ज्या ओळीची शंका येते ती कुणीही तपासतो, बाळ. जिची येत नाही, ती तू आधी बघ.”

हे शिकवणारे थोरले तपासनीस जाऊन नऊ वर्षं झाली. साप्ताहिकाच्या कार्यालयात लेखांतला मजकूर पडताळायला आता ती एकटीच उरली होती. सगळे तिला शंकासुर म्हणत. डबाही ती एकटीच खाई, घासागणिक “हे तुला कुणी सांगितलं?” कोण ऐकून घेणार?

महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. संपादकांनी कोरा कागद पुढे सरकवला.

“बाई, तुमच्या जागेची जाहिरात द्यायचीय. पात्रता लिहून द्या. फार कलमं नकोत हं, या पगारात देव नाही मिळायचा!”

पदवी, तिनं लिहिलं. दोन भाषा. जुनी दप्तरं चाळायची चिकाटी. अनोळखी माणसाला फोन करायचं धाडस. पुढे सुचेना, म्हणून तिनं तपासायला आलेला लेख ओढला. चौदा वर्षांपूर्वीची गोदामाची आग. ‘भर दुपारी पहारेकरी झोपला होता.’ हे तर सगळ्यांनाच ठाऊक. शंका आली नाही, म्हणूनच ती उठली.

तीन वर्तमानपत्रांत तेच वाक्य सापडलं. तिघांनीही ते याच साप्ताहिकातून उचललेलं. इथल्या जुन्या प्रतीवर त्या वाक्यापुढे बरोबरची खूण होती, तिच्याच हातची. कुणाला विचारलं, याची नोंद मात्र नव्हती. तिनं पहारेकऱ्याच्या घरचा नंबर शोधून काढला.

फोन पहारेकऱ्याच्या बायकोनं उचलला.

“आत्ता विचारताय होय, ताई? अग्निशमनवाल्यांचं पत्र आहे घरात. आगीचा पहिला फोन यांनीच केला, असं लिहिलंय त्यात.”

“मला पाठवाल?”

“खाटेवरून उठवत नाही यांना, पण कागद हातचा सोडत नाहीत. तुम्हीच या. यांच्यासमोर वाचा.”

“उद्या सकाळी येते. नक्की.”

संपादक वैतागले. “एका ओळीसाठी पान अडवू? अहो, तीन ठिकाणी छापून आलंय!”

“तीन नाही, साहेब, एकाच ठिकाणी. आणि तिथं खूण माझी आहे.”

त्यांनी पान बाजूला ठेवलं. “उद्या दुपारपर्यंत थांबतो.”

सकाळी तिनं पत्त्याची चिठ्ठी पुन्हा वाचली, चष्मा पिशवीत टाकला. ‘चूक माझी होती’ हे त्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगावं, ते काही केल्या जुळेना. कुठे निघालीस, असं विचारणारं घरात कुणी नव्हतं. तिनं दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली.