प्लंबरची तलवार

नाटकाची दुसरी घंटा झाली तरी प्लंबरने लेकीसाठी बनवलेली तलवार पेटेना. भंगारातल्या पितळी पाइपची मूठ, मुठीत सेल आणि बल्ब, मागे आट्यांचं झाकण आणि जुन्या ट्यूबलाइटच्या कव्हरचं पातं. काल घरी तर लख्ख पेटली होती. त्याने सेल बदलले, बटण दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला.

"निघताना काही केलंस का?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. झाकण ढिलं वाटलं, म्हणून आट्यांना नळाची पांढरी टेप गुंडाळून आवळलं."

लेकीने झाकण उघडून नखाने टेप सोलली आणि पुन्हा फिरवलं. तलवार पेटली.

"बाबा, करंट आट्यांतूनच जातो. इथून काय पाणी गळणार होतं?"