माझी माळ

तुटकी फिल्म जोडणं हे माझं काम. शहाणपण शिकवणाऱ्याला मी दारातूनच वाटेला लावते, पण फिल्मच्या मालकांना कसं लावणार? डबा त्यांच्याच गोदामात सापडलेला. त्यांच्या आजोबांचा मूकपट, प्रेमकथा, नायकही आजोबाच. चित्रपट तेव्हा डब्यातच राहिला, कारण चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी नायिका कुणाचा तरी हात धरून पळाली म्हणे. ऐकू न येणारी लहानगी पोर अनाथाश्रमाच्या पायरीवर टाकून.

ती पोर म्हणजे माझी मावशी. नायिकेच्या बहिणीनं, माझ्या आजीनं, तिला तिथून घरी आणलं. सत्तरी उलटली तरी मावशीच्या मनात एकच काटा, आपण बहिऱ्या म्हणून आईनं आपल्याला टाकलं. एकदा तोंड तरी बघ तिचं, म्हणून मी मागे लागले, तेव्हा कुठे आली. मालकही आले. आजोबांचं कौतुक बघायला, दुसरं काय!

टेबलावरच्या चिमुकल्या पडद्यावर मी हातानं फिल्म फिरवत होते. तळं, तळ्यात नाव, नावेत दोघं. नायिका हात पुढे करून काहीतरी मागते. लगेच पाटी येते : ‘माझी माळ दे.’ पाट्या आजोबांनी मागाहून बसवलेल्या, मालकांनीच सांगितलं होतं.

मावशीनं माझं मनगट धरलं. पुन्हा दाखव म्हणाली. तीनदा दाखवलं.

“माळ नाही. बाळ,” ती म्हणाली.

मालक हसले. ओठांवर माळ काय नि बाळ काय, सारखंच दिसणार, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. मावशीचा जन्म ओठ वाचण्यात गेला, पण म आणि ब मध्ये तीही फसते. मी तसं तिला सांगितलं.

“माळ असती तर ‘माझी’ म्हणाली असती. ती ‘माझं’ म्हणतेय. माझं बाळ दे.”

नायकाच्या हातात माळ नव्हतीच. मी फिल्म पुढे फिरवली. तो हसत उठला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं. ती पाण्यात गेली. नाव डुलत राहिली, कॅमेरा चालूच. वर कुणी आलं नाही.

मावशी रडत होती आणि हसतही होती. “टाकलं नव्हतं गं मला,” ती सारखी म्हणत होती. “पुन्हा लाव. आई दिसू दे.”

मागे कडी लागल्याचा आवाज झाला. मालक बाकीचे डबे उघडून फिल्म टेबलाखाली ओतत होते, शांतपणे, घर आवरावं तसे. ही जुनी फिल्म रॉकेलपेक्षा वाईट पेटते. त्यांनी खिशातून लायटर काढला.

“दाखवा की त्यांना,” ते म्हणाले. “मी थांबतो तेवढा.”

मावशीची त्यांच्याकडे पाठ होती. ती पडद्याला नाक लावून बसली होती, आणि मी फिल्म फिरवायला लागले, जितकी सावकाश फिरवता येईल तितकी.