तुरटी फिरवलेली बीअर

विमलबाईनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आतलं सगळं गढूळ. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं ना, अगदी तसं, पिवळट आणि दाट.

"नासली वाटते मेली," ती पुटपुटली.

गोकुळनं ही बाटली पुण्याहून बर्फाच्या डब्यात घालून, ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर सांभाळत मोताळ्याला आणली होती. तिथं तो बीअर बनवण्याच्या कारखान्यात होता, आणि ही त्यानं स्वतःच्या डोक्यानं बनवलेली पहिलीच. आता तो मामाला घ्यायला बसस्टँडवर गेला होता.

मामा म्हणजे गुलाबराव, विमलबाईचा मोठा भाऊ. भाच्यानं शेतकी शिकून सरकारी नोकरी धरावी, हा त्याचा हट्ट; आणि पोरगं गेलं बीअर करायला. तेव्हापासून गुलाबरावानं या घराचा उंबरा चढला नव्हता. आता गोकुळचं प्रेरणाशी लग्न ठरलं. अंतरपाटाच्या वेळी नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा नको का? बाप नसलेल्या पोराच्या पाठीशी तर हवाच. पण फोनवर गुलाबराव म्हणाला होता, "पह्यले पाजू दे मले, काय बनवते ते. मंग सांगतो, येतो का नाही."

म्हणजे सगळं या बाटलीवर आलं होतं. आणि बाटली ही अशी!

दारूचा थेंब या घरात कधी आला नव्हता. नुसता वास आला तरी विमलबाई पदर नाकाला लावायची. पण पोराची लाज राखायची तर सोवळं सांभाळून कसं चालेल? तिनं टोपण काढलं. फेस उसळून हातावर आला. "अगं माय!" म्हणत तिनं बीअर पाणी भरायच्या स्टीलच्या गुंडात ओतली, तळाची चार बोटं दाट बीअर तेवढी बाटलीतच राहू देऊन टोपण लावलं. मग रोज पाण्याला करायची तेच केलं. तुरटीचा खडा गरगर फिरवला, वर झाकण ठेवलं, आणि घटकाभरानं पंच्याची दुहेरी घडी घालून सगळं तांब्यात गाळलं. बीअर बऱ्यापैकी निवळली. विमलबाईला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गुलाबराव आला, पाणी प्यायला, पण चेहरा काही सैल सोडला नाही. "आन बे, काय ते."

गोकुळनं फ्रिज उघडला. बाटलीच्या तळाशी चार बोटं उरलेली, शेजारी भरलेला तांब्या. त्यानं दारात वाळत घातलेला पंचा पाहिला, मग आईकडे पाहिलं. तिनं 'केलं मी सगळं ठीक' अशी मान हलवली. पोराचा चेहरा खर्रकन उतरला. तांब्यातली पेल्यात ओतून त्यानं पेला मामापुढं ठेवला.

गुलाबरावानं पिणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले आणि घोट घेतला.

"हे?" तो म्हणाला. "ना फेस, ना दम. जीभ आवळून राह्यली नुसती. यासाठी गेलता काय बे पुण्याले?"

"ही चुकली, मामा," गोकुळ मान खाली घालून म्हणाला. "माह्याच हातानं बिघडली."

आपल्या हातून काहीतरी भलतंच झालं, आणि पोरगं ते स्वतःवर घेतंय, हे विमलबाईला कळलं. ती पुढं आली.

"त्याची नाही चुकली, दादा. गढूळ दिसली म्हणून म्या तुरटी फिरवली. वरून गाळली बी."

"तुरटी? बीअरले?" गुलाबराव बघतच राहिला. "अवं येडे!"

"ते गढूळच राहाते माय," गोकुळ म्हणाला. "या जातीच्या बीअरले हेझी डबल आयपीए म्हणतात. गहू, ओट टाकून मुद्दाम तशी ठेवतो. अन् वासासाठी हॉप्सची कडू फुलं दुप्पट टाकतो."

"मुद्दाम गढूळ!" विमलबाईनं कपाळावर हात मारला. "मंग आधी सांगाचं नाही काय, मेल्या?"

"तू कधी ऐकलं? बीअर म्हटलं का उठून जात होती."

खरंच होतं ते.

बाटलीत उरलेलं गोकुळनं दुसऱ्या पेल्यात ओतलं. गुलाबरावानं वास घेतला, पुन्हा घेतला. "आंबा पिळला काय बे यात?"

"नाही मामा. फुलांचाच वास तो."

गुलाबरावानं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि पेला बहिणीपुढं केला. "घे. काय गाळून बसली ते तुले मालूम पाह्यजे."

विमलबाईनं डोळे मिटून घोट घेतला. आधी पाडाच्या आंब्याचा वास, आणि मागून कानापर्यंत कडू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरानं इतकं जीव लावून केलेलं, आणि आपण पंच्यातून गाळून टाकलं. तिला फार फार वाईट वाटलं.

"लोक पाचातून नंबर देतात, मामा," गोकुळ हळूच म्हणाला. "तुमी किती द्यान?"

गुलाबरावानं मिशी पुसली. "तीन."

"चार," विमलबाई म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

"काहीच नाही. तीन बीअरचे, तू देल्ले ते. वरचा एक, मले वाचवाले पोरगं खोटं बोललं त्याचा."

विमलबाई तांब्या उचलून मोरीकडे निघाली.

"कुठं चालली? ठेव तो इथं," गुलाबराव म्हणाला. "पोराची मेहनत हाय. फेकतं काय?"

त्यानं ती सपक, तुरट बीअर पेल्यात ओतली. एक घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं, आणि दुसरा घेतला.

"लग्नाचा मुहूर्त कितीचा काढला?"

गोकुळनं सांगितला. गुलाबरावानं मान हलवली आणि पेला पुन्हा भरला. तांब्या रिकामा होईपर्यंत तो जागचा उठला नाही.